नाण्यांचे ग्रेडिंग

संग्राह्य नाणे त्रयस्थ संस्थेकडे देऊन त्याचा अस्सलपणा तपासून घेणे, स्थितीनुसार प्रत ठरवून घेणे आणि ते कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून घेणे, याला ग्रेडिंग म्हणतात. ती डबी म्हणजे स्लॅब. हा व्यवसाय अमेरिकेत रुजला. तिथल्या दोन मोठ्या ग्रेडिंग संस्थांपैकी पीसीजीएसचे काम १९८६ मध्ये आणि एनजीसीचे १९८७ मध्ये सुरू झाले. त्याआधी प्रत ठरवणाराच बहुधा नाणे विकणारा असे, त्यामुळे वाद ठरलेलेच.

प्रतीची मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. अमेरिकन नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी ती १९४०च्या दशकाअखेरीस जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी केली. सर्वोत्तम नाण्याची किंमत सर्वांत झिजलेल्याच्या सत्तरपट, असा तो हिशेब होता. बाजारभाव केव्हाच बदलले, आकडा तसाच राहिला. ६० पासून पुढे न वापरलेली (एमएस, म्हणजे मिंट स्टेट) नाणी, ५० ते ५८ किंचित झिजलेली (एयू, म्हणजे अबाउट अनसर्क्युलेटेड). ७० म्हणजे पाचपट भिंगाखालीही टाकसाळीनंतरचा एकही दोष न दिसणारे नाणे. ५८ चे नाणे ६० च्या नाण्यापेक्षा अनेकदा देखणे असते. ६० ला झीज नसते, पण थैलीत इतर नाण्यांवर आपटून पडलेल्या खुणा भरपूर असू शकतात. तांब्याच्या नाण्याला रंगाची वेगळी खूण मिळते: बीएन (तपकिरी), आरबी (मिश्र) किंवा आरडी (मूळ लाल).

पृष्ठभाग बिघडला असेल तर आकडा मिळत नाही. लेबलवर 'डिटेल्स' आणि दोषाचे नाव येते. आपल्याकडे याचे मुख्य कारण घासणे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला चिंचेने किंवा राखेने उजळलेला राणीछाप रुपया लांबून झळकतो, पण दिव्याखाली तिरका धरून फिरवला की एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. टाकसाळीची चमक नाणे फिरवताना चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासलेली चमक जागच्या जागी राहते. दुसरे कारण गळ्यातल्या माळेचे. कडी काढून टाकली तरी कडेवर डाखाचा खडबडीत ठिपका उरतो. घरी काढलेला काळेपणा परत आणता येत नाही, म्हणून पाठवण्याआधी नाण्याला हात न लावणे हीच खरी तयारी.

नाणे कडेला धरून पीव्हीसी नसलेल्या मऊ पाकिटात (फ्लिप) ठेवतात. पीव्हीसीच्या पाकिटातून कालांतराने हिरवट चिकट थर सुटतो आणि धातू खातो. पुठ्ठ्याच्या होल्डरमधून नाणे काढताना पिना आधी काढाव्यात, नाहीतर चरा पडतो. अर्जात प्रत्येक नाण्याचा देश, मूल्य, साल, टाकसाळ आणि जाहीर किंमत भरतात. शुल्काचा वर्ग किमतीवर ठरतो आणि वाटेत नाणे हरवल्यास विम्याची भरपाईही त्याच आकड्यावर, म्हणून शुल्क वाचवायला किंमत कमी लिहिणे महागात पडते. संस्थेत मालकाचे नाव न कळता एकाहून अधिक परीक्षक प्रत देतात, मग ती पक्की होते. नंतर ध्वनिलहरींनी डबीचे दोन भाग जोडतात.

भारतातून पाठवताना १९७२चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू असते आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड, अशी शिक्षा आहे. त्यामुळे शिवराई असो वा १९११चा पंचम जॉर्जचा रुपया (राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड आखूड पडल्याने तो डुकरासारखा दिसला आणि १९१२ मध्ये ठसा बदलावा लागला), ही नाणी कुरिअरने परदेशी धाडणे गुन्हा ठरतो. हातठशाच्या शिवराईची प्रत देताना आणखी एक पेच असतो. अक्षर झिजले आहे की ठसाच चकतीबाहेर गेला आहे, हे आधी ठरवावे लागते.

स्लॅब हवाबंद नसतो. दमट कोकणात चांदी आतही काळवंडते, म्हणून स्लॅब ठेवायच्या डब्यात सिलिका जेल ठेवतात आणि ते ओले झाले की बदलतात. खोटे स्लॅबही येतात, तेही खऱ्या स्लॅबच्या लेबलवरचा नोंदणी क्रमांक छापून. क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर सापडला म्हणजे झाले असे नाही. तिथल्या छायाचित्रातला एखादा ठळक चरा किंवा डाग हातातल्या नाण्यावर त्याच जागी आहे का, ते भिंगाने पाहावे लागते.