केशकर्तनालयातील आरोग्यसेवा (अमेरिकेतील कृष्णवर्णीय पुरुषांची)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीय पुरुषांसाठी, विशेषतः मध्यमवयीन व वृद्ध पुरुषांसाठी, त्यांच्या नेहमीच्या केशकर्तनालयातून चालणारे आरोग्य उपक्रम. रक्तदाब मोजणे व आटोक्यात आणणे हा त्यांचा गाभा. पुढे त्यांत मधुमेह, मोठ्या आतड्याचा व प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग, लसीकरण आणि मानसिक आरोग्य यांची भर पडली. या नोंदीत केस कापणाऱ्या कारागिरासाठी ‘बार्बर’ हाच शब्द योजला आहे. मराठीतील ‘न्हावी’ या शब्दाला जातीचा अर्थ चिकटलेला आहे. तिकडे हा परवाना घेऊन करावयाचा व्यवसाय आहे.

अशा उपक्रमांची गरज दोन कारणांनी निर्माण झाली. पहिले कारण रोगांचे. या समाजात उच्च रक्तदाब तुलनेने लहान वयात सुरू होतो आणि त्यातून उद्भवणारे पक्षाघात, हृद्रोग व मूत्रपिंडाचे विकार अधिक संख्येने आढळतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण गोऱ्या पुरुषांच्या सुमारे दुप्पट आहे. दुसरे कारण अविश्वासाचे. ॲलाबामातील मेकन परगण्यात संघ सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ या काळात सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर उपदंशाचा (सिफिलिसचा) अभ्यास केला. त्यांतील ३९९ जण रोगी होते. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते मिळू दिले नाही. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १६ मे १९९७ रोजी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. सगळा अविश्वास या एकाच प्रकरणावर टाकणे मात्र बरोबर नाही. विमा नसणे, दवाखाना दूर असणे, कामावरून सुटी न मिळणे आणि डॉक्टरांकडून रोजच्या भेटीत मिळणारी तुटक वागणूक यांचा वाटाही मोठा आहे.

उगम : हा प्रश्न वादग्रस्त आहे. काही लेखक ही परंपरा थेट एकोणिसाव्या शतकातील कृष्णवर्णीय बार्बरांपर्यंत नेतात. त्यास आधार आहे. गुलामगिरीत जन्मलेले जॉन मेरिक नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरॅम शहरात बार्बर म्हणून नावारूपास आले. १८९८ मध्ये त्यांनी इतरांसह ‘नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल’ ही विमा कंपनी उभी केली आणि १९०१ मध्ये तेथील कृष्णवर्णीयांच्या लिंकन रुग्णालयाच्या स्थापनेत डॉ. ॲरन मूर यांना साथ दिली. अटलांटाचे अलाँझो हर्न्डन हेही बार्बरच; त्यांची विमा कंपनी १९०५ मधली. परंतु मेरिक व हर्न्डन यांच्या नावाजलेल्या दुकानांत गिऱ्हाईक गोरे असे. तंबाखूसम्राट वॉशिंग्टन ड्यूक हे मेरिक यांचे गिऱ्हाईक होते. वंशभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय माणसाला अशा खुर्चीत बसता येत नसे. तेव्हा या बार्बरांचे पुढारपण व दानत मान्य करूनही आजच्या उपक्रमाचा उगम त्यांच्या दुकानात शोधणे ताणल्यासारखे वाटते. कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी चालवलेले, तासन्‌तास गप्पा रंगणारे वस्तीतले दुकान हे मुख्यतः विसाव्या शतकात, दक्षिणेतून शहरांकडे झालेल्या स्थलांतराबरोबर वाढले. आरोग्य उपक्रमास लागणारी मोकळीक तेथे होती.

आरोग्य चळवळीच्या अंगाने पाहता कृष्णवर्णीयांचे पुढारी व शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९१५ मध्ये सुरू केलेला ‘नॅशनल निग्रो हेल्थ वीक’ आणि ब्लॅक पँथर पक्षाने १९७० च्या सुमारास चालवलेले मोफत दवाखाने हे या उपक्रमांचे पूर्वसूरी होत. (१९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरमुळे ब्लॅक पँथर हे नाव मराठी वाचकांस परिचित आहे, त्या पक्षाचे दवाखाने व दात्रपेशी पांडुरोगाच्या (सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या) तपासण्या मात्र आपल्याकडे फारशा चर्चिल्या गेल्या नाहीत.)

केशकर्तनालयात पद्धतशीरपणे रक्तदाब मोजण्याचा पहिला मान बॉल्टिमोरला द्यावा की न्यू ऑर्लीन्सला, यावर एकमत नाही. बॉल्टिमोरमध्ये हृद्रोगतज्ज्ञ इलायजा साँडर्स व त्यांचे सहकारी वेन काँग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रथम चर्चमध्ये व पुढे केशकर्तनालयांत हे काम नेले. न्यू ऑर्लीन्समध्ये कीथ फर्डिनंड यांनी चर्च, केशकर्तनालये व स्त्रियांची ब्यूटी पार्लर यांना एकाच प्रकल्पात गुंफले. चर्चमधील कामाचा पुरावा आधीचा असल्याने बॉल्टिमोरकडे कल झुकतो. चर्चमध्ये स्त्रियांची उपस्थिती अधिक असे. पुरुषांपर्यंत पोहोचण्यासाठी दुसरी जागा शोधणे भागच होते.

डॅलसचा प्रयोग : काटेकोर शास्त्रीय कसोटी लावण्याचे श्रेय रॉनल्ड व्हिक्टर या हृद्रोगतज्ज्ञास जाते. टेक्सस राज्यातील डॅलस परगण्यात १७ दुकानांची चिठ्ठी टाकल्यागत यदृच्छया विभागणी करण्यात आली. एका गटात फक्त माहितीपत्रके वाटली. दुसऱ्या गटात बार्बर स्वतः प्रत्येक वेळी दाब मोजत व वाढलेला असल्यास डॉक्टरकडे धाडत. डॉक्टरच्या सहीचे कार्ड परत आणणाऱ्याचे केस फुकट कापले जात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांत सुधारणा झाली. बार्बरांच्या गटात रक्तदाब आटोक्यात आलेल्यांच्या प्रमाणातील वाढ सुमारे ९ टक्के-गुणांनी अधिक होती. फरक खरा, पण बेताचा. कारण दुकानाबाहेरच्या साखळीत होते: गिऱ्हाईक डॉक्टरकडे गेले तरी औषध सुरू होईलच, वाढवले जाईलच, याची हमी नव्हती.

लॉस एंजेलिसचा प्रयोग : येथे व्हिक्टर यांनी डॉक्टरकडे पाठवण्याचा टप्पाच गाळला व प्रशिक्षित फार्मासिस्ट दुकानात आणले. कॅलिफोर्नियातील कायद्यानुसार डॉक्टरशी सहकार्य-करार केलेला फार्मासिस्ट औषध लिहून देऊ शकतो. ५२ दुकाने व ३५ ते ७९ वयाचे ३१९ पुरुष निवडले. सर्वांचा वरचा दाब किमान १४० मिलिमीटर (पाऱ्याचा) होता आणि सर्वजण दुकानाचे कायमचे गिऱ्हाईक होते. सरासरी पाहता ते दर दोन आठवड्यांनी येत आणि त्याच बार्बरकडे दहा वर्षांहून अधिक काळ जात. इतकी नियमित भेट कोणत्याही दवाखान्याच्या वाट्याला येत नाही.

सहा महिन्यांनंतर फार्मासिस्टांच्या गटात वरचा दाब सरासरी २७ मिलिमीटरने उतरला. ज्या गटात बार्बरांनी केवळ सल्ला देऊन डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह धरला, तेथे ९.३ ने. दाब १३०/८० च्या खाली गेलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६३.६ व ११.७ टक्के होते. मार्च २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात व्हिक्टर यांचे निधन झाले. बारा महिन्यांनंतरही परिणाम टिकून असल्याचे सहकाऱ्यांनी पुढे दाखवले. उपचारपद्धती साधी होती. रक्तवाहिन्या सैल करणारे ॲम्लोडिपिन व त्याच्या जोडीला अँजिओटेन्सिन संहतीवर (दाब वाढवणाऱ्या शरीरातील संप्रेरक-व्यवस्थेवर) काम करणारे दीर्घकाळ टिकणारे औषध, गरज पडल्यास तिसरे म्हणून लघवी वाढवणारे इंडापामाइड. रक्तातील क्षार तपासण्याचे छोटे यंत्रही दुकानातच असे.

डॅलस व लॉस एंजेलिस ही नावे लेखांतून पुष्कळदा एका दमात घेतली जातात, त्यामुळे त्यांतील भेद पुसला जातो. विश्वासाने माणूस बाही वर करतो. दाब उतरतो तो औषधाने. जनजागृतीच्या शिबिरांवर समाधान मानणाऱ्यांनी या दोन प्रयोगांचे निष्कर्ष शेजारी ठेवून पाहावेत.

मोजणीची पद्धत : दुकानात अचूक दाब घेणे वाटते तितके सोपे नाही. पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे लागते. खुर्ची उंच असेल तर पाय अधांतरी राहतात, केस कापण्याच्या मशीनची घरघर चालू असते, शेजारच्या खुर्चीवर कालच्या सामन्यावरून वाद पेटलेला असतो. अंगावरच्या कापडाखालून उघडा हात काढून तो हृदयाच्या पातळीवर टेकवावा लागतो. दंड जाड असल्यास पट्टा मोठा लागतो. लहान पट्ट्याने दाब खोटा वाढलेला दिसतो. सरावलेला बार्बर म्हणूनच केस कापण्यापूर्वी गिऱ्हाइकाला आधी कोपऱ्यातल्या साध्या खुर्चीत बसवतो.

इतर उपक्रम : न्यूयॉर्कमध्ये जोसेफ रॅव्हनेल यांनी ५० वर्षांवरील ७३१ पुरुषांवर अभ्यास केला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी करून घेण्यासाठी वाट दाखवणारा सोबती दिल्यास तपासणीचे प्रमाण सुमारे दुप्पट होते, असे त्यात आढळले. मेरिलंडमध्ये स्टीफन टॉमस यांच्या पुढाकाराने बार्बरांना आरोग्यदूताचे प्रशिक्षण मिळते. जून २०२१ मध्ये कोविड लसीकरणासाठी देशभरातील एक हजार दुकाने व पार्लर यांना जोडण्याची मोहीम व्हाइट हाउसने जाहीर केली, तीत या अनुभवाचा उपयोग झाला. आर्कन्सॉ राज्यात २०१६ मध्ये सुरू झालेला ‘कन्फेस प्रोजेक्ट’ बार्बरांना नैराश्याची लक्षणे ओळखण्यास व ऐकून घेण्यास शिकवतो. पत्नी गेलेली, मुले दूर असलेली वृद्ध माणसे पंधरवड्यातून एकदा ज्या माणसाशी निवांत बोलतात तो पुष्कळदा बार्बरच असतो, हे ध्यानात घेता या कामाचे मोल मोठे आहे.

मर्यादा : फार्मासिस्टला औषध लिहिण्याचे अधिकार प्रत्येक राज्यात वेगवेगळे असल्याने लॉस एंजेलिसची पद्धत जशीच्या तशी सर्वत्र नेता येत नाही. फार्मासिस्टचा बराच वेळ शहरातल्या रहदारीत जातो. त्यावर उपाय म्हणून पहिली भेट प्रत्यक्ष व पुढील भेटी दुकानात बसूनच व्हिडिओ कॉलवर, अशी रीत आजमावण्यात आली. दाब मोजण्यात गेलेल्या वेळात बार्बरचे एखादे गिऱ्हाईक हुकते. त्याचा मोबदला डॅलसमध्ये प्रत्येक मोजणीमागे दिला जात असे.