घरभेटींवरील साथकालीन निर्बंध (मुंबई)

साथीच्या काळात एका घरच्या माणसांनी दुसऱ्या घरी जाण्या-येण्यावर घातलेली बंदी. ती पाळली नाही तर खरोखर शिक्षा होते का, हा प्रश्न कोविडच्या काळात मुंबईत घराघरांत निघाला. बंदीमागे कायद्याखाली काढलेला आदेश असेल तर ती बंधनकारक असते. मागे नुसती मार्गदर्शक सूचना असेल किंवा सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलेली ओळ असेल, तर नाही. तरीही बंधनकारक असलेला प्रत्येक आदेश कोर्टात टिकतोच असे नाही.

या अधिकाराचे मूळ मुंबईतच आहे. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि त्यापायी ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. मुळात इनमिन चार कलमांच्या या कायद्यातले दुसरे कलम सरकारला साथीपुरते तात्पुरते नियम करू देते, तर तिसरे नियम मोडणाऱ्याला भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ कडे पाठवते. त्या काळी घरात शिरून रुग्ण शोधत, आणि अशाच एका झडतीवरून मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात दंगल उसळली. उंबरठ्याच्या आत सरकारने किती यावे, हा वाद इतका जुना आहे.

महाराष्ट्राने याच कायद्याखाली मार्च २०२० मध्ये कोविडचे नियम काढले. जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता, ज्याच्या कलम ५१ नुसार आदेश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिसरे हत्यार म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४, लोकांच्या तोंडची 'जमावबंदी'. मुंबईत तिचा आदेश पोलीस काढतात.

हे आदेश नीट वाचले की एक गंमत दिसते. एप्रिल २०२१ च्या 'ब्रेक द चेन' आदेशाचा रोख होता तो सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी येण्या-जाण्यावर. म्हणजे भायखळ्याहून दादरला मावशीकडे निघालेला माणूस अडत होता तो रस्त्यावर, मावशीच्या दारात नव्हे. इमारत सील नसेल तर दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर चहाला जाणाऱ्याला तो आदेश लावणे अवघडच होते. त्याच महिन्यात अत्यावश्यक कामाच्या गाड्यांना लाल, हिरवे, पिवळे स्टिकर आले. प्रेयसीला भेटायला कुठला रंग लावू, असे एकाने ट्विटरवर विचारले. तुमच्यासाठी हे अत्यावश्यक असले तरी आमच्या यादीत ते बसत नाही, अशा अर्थाचे उत्तर मुंबई पोलिसांनी दिले. कायद्याची स्थिती याहून थोडक्यात क्वचितच कोणी सांगितली असेल.

सील केलेली इमारत किंवा घरी विलगीकरणात ठेवलेला, हातावर शिक्का असलेला रुग्ण यांची गोष्ट निराळी. तिथे बंदी थेट घरालाच लागू होती, आणि महापालिकेचे हात या कायद्यांनी बळकट केलेले होते.

शिक्षेपर्यंत पोचणे मात्र कठीण. कलम १८८ ची शिक्षा होती जास्तीत जास्त एक महिना कैद, दोनशे रुपये दंड किंवा दोन्ही. जिवाला धोका झाला तर सहा महिने, हजार रुपये किंवा दोन्ही. शिवाय संबंधित सरकारी अधिकाऱ्याची लेखी तक्रार असल्याखेरीज कोर्ट दखल घेत नसे (फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम १९५). ही अट पाळली नाही तर खटला उभाच राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सी. मुनिअप्पन निकालात स्पष्ट केले होते. गुन्हे ढिगाने नोंदले गेले. २०२२ मध्ये राज्य सरकारने असे खटले मागे घ्यायला सुरुवात केली. १ जुलै २०२४ पासून कलम १८८ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ ने घेतली असून दंड अनुक्रमे अडीच हजार आणि पाच हजारांवर गेला आहे. लेखी तक्रारीची अट कायम आहे.

रोजच्या जगण्यात बंदी बजावली ती सोसायटीच्या गेटवर. टेबलावर वही, वॉचमनच्या हातात कपाळाला रोखलेली तापमापक बंदूक, आणि 'पाहुण्यांना प्रवेश नाही' असा कागद. लिफ्ट बंद, कामवाल्या बाईंना मज्जाव, २०२० च्या गणपतीत शेजाऱ्यालाही आरतीला येऊ नका. सहकारी संस्था कायद्याने चालणाऱ्या सोसायटीला साथीचे नियम करण्याचा स्वतंत्र अधिकार नाही. सरकारी आदेशापलीकडे जाऊन तिने घातलेली बंदी किंवा लावलेला दंड कायद्याने वसूल होत नाही. तरी सर्वाधिक पाळला गेला तो हाच कागद, कारण पोलीस चौकात असत आणि सेक्रेटरी त्याच जिन्यात राहत असे.