डावीकडून म्हणजे कडेकडेने नव्हे

आठवी-नववीतल्या पोराला सायकल घेऊन दिली की घरातून एकच बजावणी होते, "कडेकडेने जा हं!" रविवारी सकाळी सांगलीच्या विश्रामबाग भागात मी मुलांना रस्त्यावरची सायकल शिकवतो. पहिला अर्धा तास हेच वाक्य त्यांच्या डोक्यातून काढण्यात जातो.

डावीकडून चालवायचं हे सगळ्यांना माहीत असतं. समोरची गाडी दिसावी म्हणून उलट्या बाजूने येणाऱ्यांना एवढंच सांगतो, की तो नियम पायी चालणाऱ्यांचा आहे. खरा घोळ होतो तो डावी बाजू आणि कड यांच्यात.

कड म्हणजे डांबर संपतं ती जागा. तिथे खडी असते, खचलेलं चेंबर असतं, साईडपट्टीकडे उतरणारी चार बोटांची पायरी असते. त्या रेघेवरून चाललेल्या मुलापुढे खड्डा आला, तर डावीकडे सरायला जागाच नसते. ते झटक्यात उजवीकडे येतं, नेमकं मागच्या गाडीच्या पुढ्यात. शिवाय सायकल कडेला चिकटलेली दिसली की "बसेल गाडी" म्हणत मोटारवाला घासून जातो. तीच जरा आत असली, तर त्याला वेग कमी करून नीट वळसा घ्यावा लागतो.

जरा आत म्हणजे कडेपासून निदान एक हात, साधारण अर्धा मीटर. ब्रिटनमध्येही वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. तिथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तिकेत, जानेवारी २०२२ पासून वर्दळीच्या, वेगवान रस्त्यासाठी हेच अंतर दिलेलं आहे, आणि शांत रस्त्यावर तर लेनच्या मधोमध चालवा असं म्हटलं आहे. उभ्या मोटारींपासून मात्र दोन हात लांब. दार कधी उघडेल सांगता येत नाही.

आत राहणं म्हणजे तिघांनी शेजारी शेजारी गप्पा मारत जाणं नव्हे. ते मला अजिबात खपत नाही.

आपल्याकडे गळीत हंगामात तर कडेचा मोह जिवावर बेतू शकतो. उसाचा ट्रॅक्टर डावीकडे वळताना स्वतः लांबून वळतो, पण मागच्या दोन ट्रॉल्या आतून, थेट कडेवरून येतात. डावीकडे फट दिसली तरी घुसायचं नाही, मागे थांबायचं.

उजवीकडे वळतानाही कडेवरून एकदम आडवं जायचं नसतं. आधी मागे बघायचं, हात दाखवायचा, मग हळूहळू मध्ये यायचं. यातलं मागे बघणंच अवघड, कारण मान वळली की हँडलही वळतं. म्हणून मैदानात फक्कीची रेघ मारतो आणि मागे उभा राहून बोटं दाखवतो. मुलाने चालत्या सायकलवरून आकडा ओरडून सांगायचा आणि चाक रेघेवरच ठेवायचं. पाच वेळा ओळीने जमेपर्यंत मी कोणालाही मिरज रोडवर नेत नाही, सायकल कितीही गिअरची असो.