गरम गाडी परत स्टार्ट न होणे

सकाळी गार असताना अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होणारी जुनी गाडी, पन्नास-साठ किलोमीटर पळून आल्यावर बंद केली आणि चहा पिऊन पंधरा-वीस मिनिटांनी चावी फिरवली की सुरूच होत नाही, आणि तासाभराने काही झालंच नाही अशी सुरू होते, त्या दुखण्याची ही नोंद. मराठवाड्यात याला सरसकट "गाडी गरम झाली की सेल्फ घेत नाही" म्हणतात, पण त्यात दोन वेगळे आजार एका नावाखाली येतात. एकात सेल्फच फिरत नाही किंवा रडत रडत फिरतो, दुसऱ्यात सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. मिस्त्रीला फोन करताना एवढं जरी नीट सांगितलं तरी अर्धं काम झालं, नाहीतर तो बिचारा नवी बॅटरी घेऊन येतो आणि बिघाड निघतो कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात.

गंमत म्हणजे गाडी चालताना नाही, बंद केल्यावर जास्त तापते. चालू असते तोवर पाणी फिरत असतं, समोरून वारा लागत असतो. बंद केली की दोन्ही थांबतं आणि ब्लॉकची, एक्झॉस्टची गरमी वर चढते, म्हणजे बोनेटखालचं तापमान उतरायच्या आधी आणखी वाढतं. म्हणून बंद करून दोन मिनिटांत परत मारली तर बहुतेक वेळा लागते. मे महिन्यात परभणी-जालन्याकडे सावलीतच ४२-४३ अंश असतं, तेव्हा सुरुवातच तिथून होते. चाळीसगावकडून औट्रम घाट चढून कन्नडला येऊन थांबणाऱ्या जुन्या गाड्यांना तर हे हमखास, कारण घाटात इंजिन तापलेलं असतं आणि वर आल्यावर सगळ्यांना चहा लागतो.

जुन्या पेट्रोल गाड्यांत, म्हणजे पद्मिनी, अँबेसेडर आणि १९८३ ला आलेली मारुती ८०० (तिच्या कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलांत), पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच बसवलेला असतो, गॅरेजवाले त्याला एसी पंप म्हणतात, त्याचा थंड हवेच्या एसीशी काही संबंध नाही. पेट्रोलमधला हलका भाग ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतो, तापलेल्या पंपात आणि पाइपात त्याची वाफ होते, आणि पंप वाफच दाबत-सोडत बसतो, पेट्रोल पुढे जातच नाही. इथेनॉल मिसळलं की पेट्रोलची वाफ व्हायची ओढ आणखी वाढते, भले आपल्याच उसाचं असो. यावरचा जुना उपाय म्हणजे ओलं फडकं पंपावर टाकणं. पाच-दहा मिनिटांत गाडी लागली तर रोग तिथेच होता हेही कळतं, त्यामुळे हा उपाय आणि टेस्ट दोन्ही एकदमच झालं.

याच्या बरोब्बर उलटाही प्रकार होतो. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या नळीत, टपकतं आणि इंजिन ओव्हर होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन पकडत नाही. एअर फिल्टरचं झाकण काढून आत बघायचं, पेट्रोलचा भपकारा येत असेल आणि कार्ब्युरेटरची नळी ओली असेल तर ओव्हर, कोरडी असेल तर वरचा वाफेचा प्रकार. ओव्हर झालं असेल तर चोक अजिबात ओढायचा नाही, ॲक्सिलेटर पार खाली दाबून धरायचा आणि आठ-दहा सेकंद सेल्फ मारायचा. लोक घाबरून ॲक्सिलेटर पंप करत बसतात, दर दाबाला आणखी पेट्रोल आत पडतं.

आमच्या घरच्या गाडीची कॉइल, प्लग, बॅटरी असं सगळं बदलून झालं होतं, तीन महिने गेले. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने कार्ब्युरेटरच्या नटाखाली बोट घातलं आणि विचारलं, "इथं तीन-तीन वायसर कुणी घातले?" कार्ब्युरेटरखाली जाड काळी बॅकेलाइटची (कडक प्लास्टिकसारखी) पॅकिंग असते, इंजिनची गरमी वर जाऊ नये म्हणून, आधीच्या एका गॅरेजात ओव्हरहॉलिंग करताना ती गेली, साधा कागदी गॅस्केट बसवला आणि उंची कमी पडली म्हणून वायसर भरले. पॅकिंग परत बसवली आणि प्रश्न मिटला.

पेट्रोल ठीक असेल तर करंट बघायचा, पण गरम असतानाच, गार झाल्यावर बघण्यात काही अर्थ नाही. कॉइल, कंडेन्सर, डेल्कोमधला (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला) पिकअप हे गार असताना चोख आणि तापले की दगा देणारे. जादाचा प्लग वायरीला लावून इंजिनला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा, ठिणगी निळी-जाड असली पाहिजे, पिवळी-मरतुकडी नको. मात्र पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग नको. इंजेक्शनच्या गाड्यांत पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय का ते कॉम्प्युटरला सांगणारा), सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलला नाही तर बहुतेक तोच. कूलंटचा सेन्सर बिघडला तर तापलेलं इंजिनसुद्धा गार आहे असं कॉम्प्युटरला सांगतो आणि पेट्रोल जास्त पडतं. आणि दोन-तीनदा नुसती चावी ऑन-ऑफ करून मग लागत असेल तर टाकीतला पंप प्रेशर धरून ठेवत नाही किंवा इंजेक्टर गळतोय.

सेल्फ रडत असेल तर गोष्ट वेगळी. तांब्याचा विजेला होणारा विरोध दर अंशाला ०.४ टक्के वाढतो, ५० अंशांनी तापलेल्या सेल्फला करंट मिळायला अडचण होणारच, त्यात टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलेलं आणि इंजिनची अर्थिंग सैल असेल तर झालंच. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली गेली तर आधी बॅटरी, नाहीतर वायरी. ठिणगीचं टायमिंग जास्त पुढे असेल तर सेल्फ झटका देऊन अडकतो, ते ऐकूनच कळतं. धक्का मारून गाडी लागली तर दोष सेल्फच्या बाजूला धरावा.

डिझेल जीपचं दुखणं पंपाचं असतं. डिझेल दाबून नोझलला देणाऱ्या रोटरी पंपाचा हेड झिजला की गार, घट्ट डिझेल कसंबसं दाबलं जातं, तापून पातळ झालं की फटीतून मागे गळतं आणि सेल्फच्या वेगावर नोझल उघडण्याइतकं प्रेशर बनत नाही. पंपावर ओलं पोतं ठेवून लागली तर पंप खोलायला आला असं समजावं. बादलीभर गार पाणी मात्र एकदम ओतू नये, आतला रोटर जाम होतो. जुन्या काळी-पिवळीचे ड्रायव्हर याच भीतीने सीटा भरेपर्यंत इंजिन बंदच करत नसत, आणि आपण आपलं गाडी आत्ताच निघणार म्हणून पळत जाऊन बसायचो.