मंगळाचे चुंबकीय पट्टे आणि न उडालेलं विमान

मंगळावर होकायंत्र घेऊन गेलात, तर सुई दर मुक्कामाला वेगळीच दिशा दाखवेल. अख्ख्या ग्रहाला व्यापणारं चुंबकीय क्षेत्र तिथे आज नाही. ते निर्माण करणारी गाभ्यातली हालचाल अब्जावधी वर्षांपूर्वीच थंडावली. पण त्या काळी थिजलेल्या लाव्हाने ते क्षेत्र स्वतःत धरून ठेवलं. ते खडक अजूनही चुंबकासारखे वागतात.

हे कळलं 'मार्स ग्लोबल सर्व्हेअर'मुळे. १९९७ साली मंगळाशी पोचलेल्या या यानाला दक्षिणेच्या उंच प्रदेशात लांबच लांब पट्टे आढळले. एका पट्ट्यात क्षेत्राची दिशा एक, शेजारच्यात नेमकी उलटी. आपल्या समुद्रतळावरही असे पट्टे आहेत आणि भूपट्ट, म्हणजे कवचाचे प्रचंड तुकडे, सरकतात याचा तो मोठा पुरावा ठरला. मग मंगळावरही भूपट्ट सरकत होते का?

इथेच घोडं अडलं. यानाने बहुतांश मोजणी सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून केली. तिथून शंभरेक किलोमीटरचे बारकावे एकमेकांत मिसळून जातात. उंच गच्चीवरून अंगणातली रांगोळी पाहावी तसं: रंग कळतात, ठिपके मोजता येत नाहीत. ते खरेच सलग पट्टे आहेत की जवळजवळच्या ठिगळांचा भास, हे ठरेना.

जमिनीवर उतरून पाहावं, तर २०१८ साली उतरलेल्या 'इनसाइट'ने सुमारे २००० नॅनोटेस्लाचं (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं एकक) क्षेत्र मोजलं; वरून बांधलेल्या अंदाजाच्या दहापट! (पृथ्वीवर ते २५ ते ६५ हजार असतं.) पण ते यान जागचं हलणारं नव्हतं. एका शितावरून भाताची परीक्षा होते, ग्रहाची नाही.

म्हणून विमान. नासाच्या लँग्ली केंद्राच्या 'एरीज' प्रस्तावात घडी घातलेलं विमान मंगळाच्या हवेतच उलगडून, दीडेक किलोमीटर उंचीवरून तासाभरात ५०० किलोमीटरहून जास्त उडणार होतं. इंजिन रॉकेटचं, कारण तिथल्या हवेत इंधन जाळण्यापुरता ऑक्सिजन नाही. हवाही पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का दाट, म्हणून निम्म्या आकाराची प्रतिकृती २००२ मध्ये फुग्याने ३० किलोमीटरच्या वर, जिथे आपली हवाही तशीच विरळ असते, नेऊन सोडून पाहिली. पण २००३ मध्ये निवड झाली 'फिनिक्स' या जमिनीवर उतरणाऱ्या यानाची. फिनिक्सने काम चोख केलं, तरी मला हुरहूर लागते ती त्या विमानाची.

पुढे 'इन्जेन्युइटी' या १.८ किलोच्या हेलिकॉप्टरने २०२१ ते २०२४ या काळात ७२ उड्डाणं केली. उडण्याची शंका मिटली, मात्र त्यावर चुंबकमापक नव्हता. आणि तो बसवायचा, तर मोटरींमधल्या विजेचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आडवं येतं. ही अडचण मुंबईला जुनी आहे. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजणी अलिबागला हलवावी लागली. तिथे १९०४ पासून ती चालू आहे. मंगळावर उडणाऱ्या ड्रोनला मात्र असं अलिबाग गाठता येत नाही, मोटरी त्याच्यासोबतच असतात. त्याने मापक लांब दांड्यावर धरायचा, मोटरींचा वाटा आधीच मोजून ठेवायचा आणि नोंदीतून वजा करायचा.