बोरेज

बोरेज (बोरागो ऑफिसिनॅलिस) ही भोकर कुलातील निळ्या फुलांची वर्षायू वनस्पती. मूळची भूमध्य सागराच्या आसपासची. बागांमधून ती यूरोपभर पसरली आणि बागेबाहेर निसटून पडीक जमिनीवर, रस्त्याच्या कडेला आपोआप उगवू लागली. हे शास्त्रीय नाव १७५३ साली कार्ल लिनीअस यांनी दिले.

झाड ६० ते १०० सेंमी. उंच वाढते. खोड पोकळ व रसाळ असते आणि देठापानांवर पांढरी राठ लव असते. जून पान हाताळले की ती बोटांना टोचते. कोवळे पान चुरगाळल्यास काकडीचा वास येतो. फुलोरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो व फुले उमलतात तसा उलगडत जातो. कळी गुलाबी, तर उमललेले फूल निळे. पाच टोकदार पाकळ्यांच्या या चांदणीच्या मध्यभागी पाच परागकोश एकमेकांना चिकटून काळसर शंकू करतात. हा शंकू चिमटीत धरून अलगद ओढला, तर निळे फूल अख्खे सुटून हातात येते आणि केसाळ संदले (फुलाखालची हिरवी दले) देठावर राहतात. खाण्यासाठी फुले अशीच खुडतात. फूल खाली मान घालून लोंबते, त्यामुळे मधमाशीला त्याला उलटे लटकावे लागते. मध मात्र भरपूर. एकदा शोषला तरी काही मिनिटांत पुन्हा भरतो, म्हणून मधपाळांना हे झाड फार प्रिय.

लागवड दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी होते. स्पेनमधील आरागॉन प्रांतात, विशेषतः एब्रो नदीच्या खोऱ्यात, बोरेज ही भाजी आहे. तिथे पानांपेक्षा जाड देठांना किंमत. लव घासून काढून ते उकडतात. सारागोसा परिसरातील ‘मोवेरा’ हा पांढऱ्या फुलांचा वाण त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मात्र फूल दिसू लागले की देठ निबर होतात, त्यामुळे भाजीवाल्याला या देखण्या फुलाचे मुळीच कौतुक नसते. जर्मनीत फ्रँकफुर्टच्या हिरव्या सॉसमध्ये जे सात पाले पडतात, त्यांतही बोरेज असतो.

दुसरे पीक तेलबियांचे. ते ब्रिटन, कॅनडा, न्यूझीलंड येथे घेतले जाते. बियांच्या तेलात गॅमा लिनोलेनिक आम्ल हे मेदाम्ल सुमारे २० टक्के किंवा थोडे अधिक असते. याच आम्लासाठी वापरल्या जाणाऱ्या ईव्हनिंग प्रिमरोज या दुसऱ्या वनस्पतीच्या तेलात ते साधारण निम्मेच भरते. पेरणी सोपी आहे: सोटमुळामुळे रोप उपटून लावलेले मानवत नाही, म्हणून बी थेट शेतात एक-दोन सेंमी. खोल पेरतात. उगवण लवकर होते आणि झाड पसरले की तणाला फारशी जागा उरत नाही. नत्र जास्त झाले तर पाला माजतो व पीक लोळते. परागीभवनासाठी शेतात मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात.

खरी परीक्षा काढणीच्या वेळी. एका फुलात जास्तीत जास्त चार बिया धरतात. खालच्या बिया पिकून काळ्या होतात तेव्हा शेंड्याला अजून नव्या कळ्या उमलत असतात, आणि फूल खाली तोंड करून असल्याने पिकलेली बी सरळ मातीत पडते. आधी कापावे तर बी कच्चे, थांबावे तर हातचे गेलेले. यावर तोडगा म्हणून बी गळायला लागताच पीक कापून शेतातच ओळीने वाळवतात व नंतर मळतात. तरीही उत्पन्न बेभरवशाचेच. सांडलेल्या बियांना मुंग्यांना आवडणारा तेलकट भाग असतो. त्यापायी मुंग्या बी वाहून नेतात. उरलेले पुढच्या हंगामात दुसऱ्याच पिकात तण म्हणून उगवते.

औषधी म्हणून बोरेजची ख्याती जुनी आहे. तो मनाला उभारी देतो असे मध्ययुगात मानत. पण पाल्यात पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात व ती यकृताला घातक ठरतात. प्रमाण थोडे असले तरी पाला रोज, दीर्घकाळ खाऊ नये, गरोदरपणात टाळावाच. तेलातून ही द्रव्ये शुद्धीकरणात काढून टाकतात.