एक कप मैदा म्हणजे नेमके किती ग्रॅम, हा घोळ आला कुठून

अमेरिकन केकच्या रेसिप्या बघायला लागलं की एक कप मैदा कुठे 120 ग्रॅम लिहिलेला असतो, कुठे 125, तर कुठे 140, आणि गंमत म्हणजे यातलं कोणीच खोटं बोलत नसतं. भानगड जुनी आहे.

आधी सगळं वजनावरच होतं. पाउंड केक इंग्लंडचा, मैदा लोणी साखर अंडी प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे 454 ग्रॅम, घातलं की झालं. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकात घरोघरी कप आला आणि 1-2-3-4 केक नावाचा प्रकार चालायला लागला, एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी, तराजू लागतच नाही. वसाहत करायला पश्चिमेकडे गाड्यांतून जाणाऱ्या लोकांना जड तराजू नेता येईना म्हणून कप आले असं सांगतात, मला ते जरा जास्तच सोयीचं वाटतं, पूर्वेकडच्या बॉस्टन शहरातल्या बायका कुठे गाडीत बसून चालल्या होत्या? पण कप म्हणजे कुठला कप, चहाचा की कॉफीचा, हे कोणी सांगत नसे. लोणी तर "अंड्याएवढं" किंवा "अक्रोडाएवढं" असं लिहायचे.

हे सरळ केलं फॅनी फार्मर यांनी. बॉस्टन कुकिंग स्कूलच्या प्रिन्सिपल. 1896 मध्ये त्यांचं पुस्तक आलं, प्रकाशकाला ते खपेल याची इतकी खात्री नव्हती की पहिल्या 3000 प्रतींचा खर्च बाईंनाच करायला लावला. बाईंचा नियम एकच, अर्ध्या पिंटाचा (पिंट हे द्रवाचं माप, अर्धा म्हणजे साधारण 237 मिली) ठरलेला कप घ्यायचा, भरायचा आणि वरून सुरी फिरवून सपाट करायचा, शिगोशिग भरलेलं चालणार नाही. त्याच पुस्तकात वजनाचं कोष्टकही आहे: मैदा चार कप म्हणजे एक पाउंड, दाबून भरलेलं लोणी दोन कप म्हणजे एक पाउंड. म्हणजे लोणी कपाला 227 ग्रॅम, ते आजही तेवढंच. मैदा मात्र 113 येतो. कारण त्यांनी स्पष्ट सांगितलंय की मैदा आधी चाळायचा आणि मगच मापायचा, आणि चाळलेला मैदा हलका बसतो. आता कोण चाळतंय, लोक कप सरळ डब्यात खुपसतात, त्यामुळे तोच कप 140 च्याही वर जातो. लोणी दाबलं तरी तेवढंच राहतं, मैद्यात हवा असते, सगळा खेळ तिथे आहे.

पुढे ब्रिटन वजनावरच राहिलं, आधी औंस मग ग्रॅम. अमेरिकेने 1975 ला मेट्रिकचा, म्हणजे ग्रॅम-लिटरच्या पद्धतीचा, कायदा केला खरा पण ऐच्छिक ठेवला, 1982 ला त्याचं बोर्डच बंद पडलं, त्यामुळे कप काही हलला नाही. त्यात कपही सगळीकडे सारखा नाही, अमेरिकेचा 237 मिली, ऑस्ट्रेलियाचा 250, जपानचा 200. ऑस्ट्रेलियात टेबलस्पूनसुद्धा 20 मिलीचा, बाकीकडे 15 चा.

आपल्याकडे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या. धान्य मापाने, चिपटं, मापटं, पायली, आणि वजनाचा शेर वेगळा, 80 तोळ्यांचा, साधारण 933 ग्रॅम. 1956 च्या कायद्यानंतर किलो आला, दुकानं बदलली, पण स्वयंपाकघरात वाटी तशीच राहिली. भाजी-आमटीला वाटी कुठलीही चालते. केकलाही चालेल असं वाटतं, कारण मैदा साखर तूप सगळं एकाच वाटीने घेतलं तर प्रमाण तेच राहतं, पण अंडं काही वाटीप्रमाणे लहानमोठं होत नाही, आणि कंडेन्स्ड मिल्कचा डबाही ठरलेल्या वजनाचाच असतो. गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमधला केक एका घरात मऊ आणि शेजारी दगड व्हायचा, त्यात वाटीचाही हात होताच.

म्हणून ग्रॅममध्ये बदलताना कप कुठल्या देशाचा आणि मैदा चाळून घेतलाय का, एवढं बघायचं. सोडा आणि बेकिंग पावडर मात्र चमच्यानेच घ्या, घरचे डिजिटल काटे बहुतेक एकेका ग्रॅमने पुढे सरकतात, अर्धा चमचा सोड्याला ते कामाचे नाहीत.